भवानी सीमाच्या हातची

गिरगाव, १२ डिसेंबर

सीमा,

आशीर्वाद. नको असले तर बाजूला ठेव, पण पत्र वाच.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या निरोपाला दुसरी टिक येत नाही, आणि याचा अर्थ काय होतो ते मला श्रेयाने समजावून सांगितलंय. म्हणून पोस्टात गेले. खिडकीवरचा मुलगा पत्ता वाचून म्हणाला, आजी, माझगाव तर इथेच आहे, बसने जाऊन या की. मी म्हटलं, तू तिकीट दे, सल्ला नको.

श्रेया आठवते ना? समोरच्या खोलीतली, आई बँकेत आहे ती. तू माझगावला गेलीस तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले होते. आता सातवीत आहे आणि तोंड माझ्यापेक्षा चालतं. आपल्या वाडीमागच्या शाळेत, जिथे तुझी नूपुर शिकली, तिथे जानेवारीत आनंद बाजार आहे. मुलांनी काहीतरी विकायचं, हिशोब सरांना दाखवायचा. सगळी भेळ नाहीतर सरबत विकणार. हिला भेळ नको. परवा माझ्याकडे आली, काचेच्या कपाटापुढे उभी राहिली आणि म्हणाली, आजी, आम्ही हे विकू.

कपाटात काय आहे तुला ठाऊक आहे. आपल्या धंद्याच्या शेवटच्या वर्षातला बाळाचा साज. हार, वाळे, बाजूबंद, मुकुट, बासरी. सगळा हलव्याचा, सगळा तू बांधलेला.

मी म्हटलं, बाई गं, हलव्याचे दागिने मी सोडले. ती म्हणाली, तुम्ही सोडले ना, आम्ही कुठे सोडलेत? बरोबर दोघं आहेत. राजरत्न तिच्याच वर्गात. परळची त्यांची चाळ नव्याने बांधतायत, तोवर आपल्याकडे वरच्या मजल्यावर भाड्याने आलेत. आणि तळमजल्यावरचा मयूर, पाचवीतला, त्याला फक्त गल्ल्यावर बसायचंय. तिघं रोज संध्याकाळी दारात. शेवटी हो म्हटलं. धंदा कसा करायचा ते शिकवते म्हटलं, दागिने तुमचे तुम्ही बांधा.

आता तुझ्याकडे काम. एवढंसंच आहे. भवानी तुझ्या हातची पाहिजे.

आपल्याकडे दरवर्षी पहिला साज तुझ्याच हाताने जायचा. मी दार लावून घ्यायचे, तू रुपया ठेवायचीस, साज उचलायचीस, मग दार उघडायचं आणि गिऱ्हाईक आत घ्यायचं. तुझ्या हाताला गुण आहे असं आपल्या सासूबाई म्हणायच्या, आणि त्या माझ्याबद्दल असं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. तू गेलीस त्या वर्षी भवानी कोण करणार म्हणून मी दारच उघडलं नाही. पुढेही नाही उघडलं.

१० जानेवारी, शनिवार, सकाळी नऊ वाजता, शाळेच्या पटांगणात. ये, मुलांची भवानी कर, जा. पाच मिनिटांचं काम. चहासुद्धा पिऊ नकोस. मी तुझ्यासमोरही येणार नाही, मागे पाण्याच्या नळांशी जाऊन उभी राहीन. शब्द देते.

सुचित्रावहिनी


गिरगाव, २४ डिसेंबर

सीमा,

उत्तर नाही. पोस्ट हळू चालतं हे धरलं, तुला रुसवा सोडायला वेळ लागतो हेही धरलं. तरी नाही. असो. मी लिहिते, मला कोण अडवणार.

शाळा जोरात सुरू आहे, माझी. पहिल्या दिवशी भाव ठरवायला बसलो. श्रेया म्हणाली, दादरला जो भाव आहे तोच लावू. मयूर म्हणाला, त्याच्या अर्धा लावू म्हणजे सगळे आपल्याकडेच येतील. राजरत्न हळूच म्हणाला, आधी आपल्याला किती लागले ते तरी बघूया. मी मनात म्हटलं, हा तरेल. हलवा, दोरा, जरीची पट्टी, पुठ्ठा, डबे, सगळं मांडलं आणि बेरीज करून माझ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, आणि रोज संध्याकाळी बसून माना मोडताय, ते कुठे लावलं? तिघं चकित. त्याचे पण लावायचे? लावायचे म्हटलं. हात फुकट येत नाहीत कुणाचे.

त्यावर श्रेया विचारते, मग तुम्ही सीमाआजीला किती द्यायच्या?

मी म्हटलं, तू हलवा निवड, मोठे दाणे वेगळे काढ.

दुसरा धडा मयूरसाठी होता. हा निवडायला बसला की माल कमी व्हायला लागतो. सांगितलं, मालकाने दुकानातलं खाल्लं तर मालकानेही पैसे टाकायचे. आता खिशातून नाणं काढतो, डब्यात टाकतो, एक दाणा खातो आणि वर मला पावती मागतो.

तिसरा धडा शब्दाचा. गिऱ्हाइकाला एकदा शब्द दिला की फिरवायचा नाही, मग तोटा होवो. आणि खोटं सांगायचं नाही. मी गिऱ्हाईक झाले आणि विचारलं, किती दिवस टिकेल हो हा हार? मयूर म्हणाला, दहा वर्षं गॅरंटी. म्हटलं, मेल्या, हलवा आहे तो, सोनं नाही. रथसप्तमीपर्यंत घाला, मग मुंग्यांच्या आधी खाऊन टाका, असं सांगायचं. तर कपाटाकडे बोट दाखवून विचारतो, मग तो कसा टिकला? मी म्हटलं, तो सीमाने बांधलाय.

श्रेयाची आई भांडायला आली होती. क्लास बुडतोय, मुलीला दुकानदार करायचंय का, वगैरे. मी म्हटलं, बस, बोलता बोलता एवढा दोरा धर. दोन वाळे बांधून गेली. नवऱ्याचा फोन आला तेव्हा उठली.

पण अडलंय. गाठी सुटतात गं. दाणा टोचायचा नाही, वेढ्यात आवळायचा, एवढं मला येतं, पण तू आवळायचीस तशी गाठ बसत नाही आणि माझ्या गाठी कशा असतात तुला माहीत आहे. हार उचलला की चार दाणे खाली. काल राजरत्न म्हणाला, आजी, कपाटातला एक वाळा उसवून बघू? माझा हात त्याच्या पाठीत पडणारच होता. मग दिला. त्याने सुईच्या टोकाने एक-एक वेढा उलटा सोडवत नेला, वहीत चित्रं काढली. आज दोघांना जमली. तुझ्यासारखी नाही, पण उलटा धरून हलवला तरी दाणा पडत नाही.

तो वाळा उसवताना मला तुझं ते वाक्य आठवलं. सामान बांधताना तू म्हणालीस, "वहिनी, तुमच्या तोंडापुढे माझे हात कुणाला दिसतच नाहीत." मी म्हणाले, "मग घेऊन जा तुझे हात." आणि तू खरंच घेऊन गेलीस. इतकी वर्षं एका घरात काढली, इतकंही कळू नये तुला, की मी बोलते ते सगळं ऐकायचं नसतं? हजार गोष्टी सांगितल्या मी, तेल कमी घाल, मुलीला लवकर उठव, एक तरी ऐकलीस? नेमकी हीच ऐकलीस.

दहा तारीख. नऊ वाजता.

सुचित्रावहिनी


गिरगाव, ४ जानेवारी

सीमा,

माल तयार आहे. नवरीचे साज दोन, बाळांचे पुष्कळ, सुटे हार, बांगड्या, कानातले. सगळं डब्यात घालून पंख्याखाली ठेवलंय, कारण मयूरच्या हातांना घाम फार.

एक गंमत सांगते. राजरत्नच्या आईला मी विचारलं, तुमच्याकडे संक्रांतीचं हे काही करत नाहीत ना, मुलगा बसतो ते चालतं का? ती म्हणाली, आजी, सण आम्ही नाही करत, पण तो हाताने काहीतरी करतोय, करू दे. मग तिने बाळाचा साज हातात घेतला. म्हणाली, सगळं छान आहे, पण प्रत्येक बाळाला बासरीच का? पेन द्या की एखाद्याला. पोरगा उठलाच. पुठ्ठ्याची नळी केली, त्यावर बारीक हलवा बसवला, टोकाला सोनेरी कागदाची निब. असं देखणं पेन झालंय, मी तीनदा डबा उघडून बघितलं. तसा एकच साज केलाय. श्रेया म्हणते सगळ्यात महाग तोच लावू. राजरत्न म्हणतो, नको, सगळ्यांएवढाच.

मुलांना बजावून ठेवलंय, भवानी सीमाआजीची. तुझ्याबद्दल त्यांना सगळं विचारायचं असतं. दिसता कशा, रागीट आहात का, तुमच्यासारख्या बोलतात का. मी सांगितलं, ती बोलत नाही. ती करते.

नूपुर कशी आहे? भाऊजी गणपतीला आले होते, एकटेच. आरती केली, जेवले. मी नूपुरचं विचारलं तर "बरी आहे" म्हणाले आणि वरणात भात कालवत बसले. तुझा नवरा पहिल्यापासून असाच, पण त्या दिवशी जरा जास्तच भात कालवला.

मी लिहिणार होते, की तू नाही आलीस तरी माझं काही नाही, मुलं हिरमुसतील म्हणून बोलावते. लिहिलंही होतं. मग तो कागद फाडला. मुलांना शिकवायचं खोटं सांगू नका आणि आपण पत्रात खोटं लिहायचं, हे बरं नाही दिसत. तर खरं सांगते. मुलांची भवानी कुणीही करेल. मला तू पाहिजेस. मला तू त्या टेबलापाशी उभी राहिलेली बघायचीय. लांबून चालेल, नळाजवळून चालेल.

सुचित्रावहिनी


गिरगाव, ११ जानेवारी

सीमा,

तुझ्या येण्याआधी काय झालं ते तुला माहीत नाही आणि तू गेल्यावर काय झालं तेही नाही. म्हणून लिहिते. कालपासून हात शिवशिवतायत.

नऊच्या आधीच मांडून बसलो. काळं कापड, त्यावर पांढरे साज. श्रेया बोलायला, राजरत्न माल दाखवायला, मयूर गल्ल्यावर. नऊ वाजले, मी दिलेल्या शब्दाप्रमाणे नळांशी गेले. तिथून टेबल नीट दिसत नाही, मध्ये सरबतवाल्यांचा मांडव. मला नुसती गर्दी दिसत होती. आपल्या टेबलापाशी ही गर्दी. मी खूष. म्हटलं, आली असेल, झाली असेल भवानी.

बऱ्याच वेळाने मयूर बाटली भरायला आला. मी विचारलं, किती विकलं रे? म्हणाला, काहीच नाही.

काहीच नाही म्हणजे? म्हणाला, भवानी झाली नाही ना अजून.

अगं, ती मुलं कुणालाच देत नव्हती. येईल त्याला श्रेया सांगत होती, थांबा, आमची भवानी सीमाआजी करणार आहेत, त्या आल्या की देतो. मुख्याध्यापक बाईंना नातीसाठी साज हवा होता, त्यांनाही नाही म्हणाली. बाई म्हणाल्या, अगं, मी या शाळेची मुख्याध्यापिका आहे. ही म्हणाली, बाई, मग तुम्ही रांगेत पहिल्या. स्वतःच्या आईलाही परत पाठवली. एक गृहस्थ चिडून म्हणाले, हा काय धंदा आहे? आणि लोक जाईनात. नाही म्हटल्यावर तर आणखी थांबले, कोण ही सीमाआजी ते बघायला.

मी मयूरला म्हटलं, धाव, सांग त्यांना, विका म्हणावं, आजी सांगतेय. तो गेला आणि तसाच परत आला. श्रेयाने निरोप दिला होता. "आजी, तुम्हीच शिकवलंत ना, शब्द दिला की फिरवायचा नाही, तोटा झाला तरी?"

अकरा वाजत आले होते. मुलांची मेहनत त्या कापडावर पडून राहणार होती आणि ती माझ्यामुळे. माझ्या एका हट्टापायी. तू येणार नाहीस हे मी तेव्हा मनात कबूल केलं, सीमा. पदर खोचला आणि निघाले, की आता आपणच जाऊन मुलांच्या हाताखालचा पहिला हार उचलायचा.

मांडवाच्या कडेशी पोचले आणि गर्दी बाजूला झाली. तुझी पाठ दिसली.

तीच जांभळी इरकल. केस पांढरे होऊ दिलेस. मी तिथूनच मागे फिरले. शब्द होता ना. नळ धरून उभी राहिले. कुणा पोराने बादली भरायला लावली होती, तिचा आवाज, तुमचं बोलणं एक अक्षर ऐकू आलं नाही. दोन पावलं पुढे आले असते तर ऐकू आलं असतं. नाही आले. मग तू फाटकाकडे गेलीस. वळलीस एकदा, नळांकडे बघितलंस. मी खांबामागे होते. इतकी जाड बाई खांबामागे मावते का, तू बघितलंस मला.

तू गेलीस आणि टेबल अर्ध्या तासात रिकामं झालं. चिडलेल्या गृहस्थांनी नवरीचा साज नेला. हाताला गुण आहे तुझ्या, आता मुलंही म्हणतात.

मग तिघांनी मला घेरलं आणि एकाच वेळी सांगायला लागली. तू आधी रुपया ठेवलास. मग सगळे साज बघितलेस. एका हाराची गाठ सैल होती, ती उभ्या उभ्या आवळलीस. राजरत्न म्हणाला, आजी, त्यांनी बघितलंसुद्धा नाही हाताकडे. तू त्याला विचारलंस, ही गाठ कुणी शिकवली? तो म्हणाला, तुम्हीच.

पेनवाला साज उचललास. मयूर सूट द्यायला निघाला, घरच्याच आहात म्हणून. तू म्हणालीस, धंद्यात घरचं-बाहेरचं नसतं, आणि पूर्ण पैसे दिलेस. मग श्रेयाने मी शिकवलं होतं ते सगळं विचारलं. कुणासाठी, माप काय, कधी पाहिजे.

"तीन महिन्यांची आहे. आमच्या नूपुरची मुलगी."

सीमा, मी तिथे पटांगणात खुर्चीवर बसले. आधी रडले. मुलं घाबरली, मुख्याध्यापक बाईंनी पाणी आणलं. मग मला राग आला. नूपुरला मुलगी झाली आणि मला कळवलं नाही? जिला मी अंगाखांद्यावर खेळवली, जिच्या बारशाला सासूबाईंशी भांडून अख्ख्या वाडीला जेवण घातलं मी, तिचं बाळंतपण माझगावात होऊ घातलं होतं आणि मी गिरगावात भाऊजींना भात वाढत बसले? या भांडणाचं आपण बघू. ते राहिलंय, मी विसरणार नाही.

पण पुढचं ऐकून राग कुठच्या कुठे गेला. श्रेयाने अगदी नक्कल करून दाखवलं. तू साज परत टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, मुकुट बाळाच्या डोक्याला मोठा होईल, बेतून बांधावा लागेल. रविवारी अठरा तारखेला बोरन्हाण आहे, घरपोच पाहिजे. मयूर म्हणाला, आम्ही घरपोच देत नाही. तू म्हणालीस, मग मालकिणीला पाठवा. श्रेयाला ते झोंबलं. म्हणाली, मालक आम्ही तिघं आहोत, आजी फक्त शिकवतात.

"बरं. मग शिकवणाऱ्या बाईंना पाठवा. सुई-दोरा घेऊन या म्हणावं, वेळ लागेल."

हे तू बोललीस? एवढं लांब वाक्य? मी श्रेयाकडून चार वेळा म्हणवून घेतलं.

तो साज माझ्या कपाटात आहे. राजरत्नने त्यावर चिठ्ठी लावलीय, "विकलेला, हात लावू नये", आणि मयूरला रोज वाचून दाखवतो. मुलं मला बजावतायत, आजी, वेळेवर जा, गिऱ्हाइकाला थांबवू नका. शनिवारी साडी इस्त्रीला टाकते. बाळाचं नाव मी कुणाला विचारलेलं नाही, तू सांग. बोरं, चुरमुरे ओतायला मला पुढे केलंस तर तुझ्या सोसायटीतल्या बायका बघतील; आमचे हे गेल्यानंतर मी असल्या कार्यांत मागेच बसते. पण तू पुढे केलंस तर मी येईन पुढे. बघू देत.

फोन केला नाही. तू उचलला असतास तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता, आणि तुला त्याची सवय नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागलीय. मुलांनी तुझ्यासाठी थर्मास भरून चहा आणला होता, आलं घालून. श्रेयाने कप पुढे केला आणि तू म्हणालीस, नको, वहिनींनी चहा पिऊ नकोस म्हणून लिहिलंय. पुन्हा तेच. पुन्हा माझं ऐकलंस.

रविवारी मी येईन. दारातच सांगेन की घाईत आहे, मुकुट बेतते आणि निघते, बसत नाही, चहाबिहा काही ठेवू नकोस.

ऐकू नकोस.

सुचित्रावहिनी